माणसांना जागा

दिवाळीच्या आधी घर झाडायला काढले की भिंतीवरच्या तसबिरी खाली उतरतात. काचा पुसल्या जातात, मागची कोळिष्टके निघतात आणि ज्याची त्याची तसबीर ज्याच्या त्याच्या खिळ्यावर परत जाते. ह्या तसबिरींची एकदा मोजदाद करून पाहावी. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत घाटकोपरला शिळाछापाचा कारखाना काढला, तेव्हापासून लक्ष्मी आणि सरस्वती आपल्या घरांत रंगीत होऊन बसल्या. त्यांच्या शेजारी शिवाजी महाराज आले. कोणाकडे टिळक आले, कोणाकडे गांधी, कोणाकडे आंबेडकर. पलीकडे आजोबांचा फोटो, आणि दाराशी वाण्याने दिलेले कॅलेंडर. एवढ्या मंडळींत एक गृहस्थ मात्र कोठेच दिसत नाही. सकाळी डबा घेऊन निघणारा, गाडीतल्या कडीला धरून तासभर उभा राहणारा, रात्री चपला काढून भिंतीला पाठ टेकणारा. घर त्याच्याच कमाईवर चालते. त्याचा लग्नातला फोटो असतो, नाही असे नाही. पण त्या दिवशी तो उसन्या कोटात असतो. रोजच्या कपड्यांतल्या, रोजच्या थकव्यातल्या त्या माणसाचे चित्र काढावे आणि ते भिंतीवर लावावे, असे आपल्याला कधी वाटलेले नाही.

आपल्याला सोडा, चित्रकारांनाही ते फारसे वाटले नव्हते. साहित्याने हे काम आधी हाती घेतले. जयवंत दळवींचे 'चक्र' आणि बाबूराव बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ सालचे, भाऊ पाध्यांचे 'वासूनाका' १९६५ चे, नारायण सुर्व्यांचे 'माझे विद्यापीठ' १९६६ चे. चार-पाच वर्षांत मुंबईची झोपडपट्टी, चाळ, नाका आणि गिरणी मराठी वाचकाच्या दिवाणखान्यात येऊन बसली. चित्रकलेत मात्र त्या सुमारास वारा दुसरीकडून वाहत होता. चित्तप्रसादांसारखा एखादा चित्रकार अंधेरीच्या खोलीत बसून कष्टकऱ्यांची ठसाचित्रे कोरीत होता, पण त्याची दखल थोड्यांनीच घेतली. मानाचे स्थान होते ते अमूर्ताला. गायतोंड्यांचे कॅन्व्हस म्हणजे नुसता प्रकाश आणि खोली. आमच्या नागावात १९३६ साली जन्मलेल्या प्रभाकर बरव्यांनी पान, घड्याळ, ढग अशा साध्या वस्तू मोठ्या रिकाम्या अवकाशात इतक्या जपून ठेवल्या की त्या बोलू लागल्या. ही चित्रे थोर आहेत, त्याबद्दल माझा वाद नाही. पण ह्या अवकाशात माणूस सहसा नव्हता. त्याला तेथे उभे राहावयास संकोच वाटला असता.

अशा वेळी, नोव्हेंबर १९८१ मध्ये, सहा चित्रकारांनी मिळून मुंबईच्या जहांगीर कलादालनात एक प्रदर्शन भरविले आणि पाठोपाठ ते दिल्लीस रवींद्र भवनात नेले. प्रदर्शनाचे नाव 'प्लेस फॉर पीपल'. चित्रकार होते जोगेन चौधरी, भूपेन खक्कर, नलिनी मलानी, सुधीर पटवर्धन, गुलाममोहम्मद शेख आणि विवान सुंदरम्. सोबत गीता कपूर यांचा एक भारदस्त इंग्रजी निबंध होता. त्याचा रोख असा, की मानवी आकृतीच्या बाबतीत चित्रकाराने तटस्थ राहून चालणार नाही, बाजू घेतली पाहिजे. दिवाळी सरून थोडेच दिवस झाले होते. पावसाळ्यात बंद असलेल्या लाँची पुन्हा चालू झाल्या होत्या, आणि रेवसहून भाऊच्या धक्क्याला उतरून मी ते प्रदर्शन पाहावयास गेलो. पुढे ज्या चित्रांविषयी लिहितो आहे, त्यांतली काही तेथे पाहिली, काही नंतरच्या वर्षांत दुसरीकडे पाहिली आणि काहींची ओळख छापील पानांवरूनच झाली. प्रदर्शनाची तपशीलवार यादी देण्याचा माझा हेतू नाही. त्या नावात दिलेला शब्द कोणी किती पाळला, एवढेच मला पाहावयाचे आहे.

ते नाव मी मनातल्या मनात मराठीत उतरविले आणि थबकलो. 'माणसांना जागा'. मुंबईच्या माणसापुढे 'जागा' हा शब्द उच्चारला की त्याला प्रथम आठवते लोकलमधली चौथी सीट. तीन जणांच्या बाकावर चौथा माणूस अर्ध्या मांडीवर टेकतो आणि बाकीचे तिघे कुरकुरत का होईना, पण सरकतात. त्यानंतर त्याला आठवते ती राहावयाची जागा, म्हणजे दहा बाय बाराची खोली, जिच्यासाठी मुलाचे लग्न अडते आणि भावाभावांचे बोलणे बंद होते. आणि आमच्या अलिबाग-मुरुडकडे आज हा शब्द ऐकू येतो तो विकाऊ जमिनीच्या पाटीवर. इंग्रजीत हे नाव एक कलाविषयक भूमिका होते. मराठीत आल्याबरोबर त्याला पागडी, धक्काबुक्की आणि सातबारा चिकटला. माझ्या मते ह्या प्रदर्शनाची खरी परीक्षा ह्या मराठी अर्थानेच घ्यावयास हवी. कारण कोणाला जागा द्यावयाची म्हणजे आपण थोडे सरकावे लागते.

शहरातल्या साध्या माणसाला चित्रात घेणे ही काही आपल्याकडचीच अडचण नव्हे. इंग्लंडात सॅल्फर्ड-मँचेस्टरच्या परिसरात एल. एस. लाउरी नावाचा चित्रकार होऊन गेला. पोटासाठी तो घरभाडी वसूल करणाऱ्या एका कंपनीत नोकरी करी आणि १९५२ साली निवृत्त होईपर्यंत करीत राहिला. ज्या लँकेशायरच्या यंत्रांवर मुंबईच्या गिरण्या उभ्या राहिल्या, त्याच मुलखातल्या गिरणीचा भोंगा वाजल्यावर बाहेर पडणारा लोंढा त्याने १९३० च्या 'कमिंग फ्रॉम द मिल' ह्या चित्रात रंगविला. पांढरट पार्श्वभूमीवर काड्यांसारखी माणसे, वाकलेली, घाईत असलेली. चित्र मनात राहते. पण त्यातला एकही माणूस उद्या रस्त्यात भेटला तर ओळखू येणार नाही. भाडे वसूल करणाऱ्याला सारी दारे माहीत असतात, चेहरे मात्र थोडेच.

तिकडे दक्षिण आफ्रिकेत जेरार्ड सेकोटो हा कृष्णवर्णीय तरुण जोहान्सबर्गच्या सोफियाटाऊन वस्तीत राहून त्याच वस्तीचे रस्ते रंगवीत होता. त्याच्या 'यलो हाउसेस' ह्या चित्रात पिवळी घरे आहेत, ऊन आहे आणि घराकडे परतणारी माणसे आहेत. १९४० साली ते चित्र जोहान्सबर्गच्या सरकारी कलासंग्रहालयाने विकत घेतले. तेथे स्थान मिळालेले कृष्णवर्णीय चित्रकाराचे ते पहिले चित्र. त्याच्या १९४६ च्या 'साँग ऑफ द पिक' मध्ये कुदळी उगारलेल्या मजुरांची रांग आहे, आणि पाइप ओढीत उभा असलेला मुकादम त्या रांगेपुढे अगदी क्षुल्लक दिसतो. १९४७ साली सेकोटो पॅरिसला गेला, तो कायमचा. १९५५ पासून सरकारने सोफियाटाऊन पाडावयास घेतले आणि तेथल्या लोकांना गाड्यांत घालून दूर नेऊन टाकले. चित्राला संग्रहालयात जागा मिळाली, पण चित्रातल्या माणसांची जागा गेली. 'माणसांना जागा' ह्या दोन शब्दांमागे केवढा जुना व्यवहार आहे, हे ध्यानात यावे म्हणून ही दोन उदाहरणे दिली.

आता आपल्या सहा जणांकडे वळू.

जोगेन चौधरी यांचा जन्म पूर्व बंगालातला, आणि फाळणीनंतर ते निर्वासित म्हणून कलकत्त्यास आले. शाईच्या बारीक जाळीदार रेषांनी ते शरीर असे रंगवितात की ते पिकून लोंबू लागलेल्या फळासारखे वाटते. सुखवस्तू बाबूचे पोट, गादीतक्क्यावर विसावलेली बाई. रेषा विलक्षण कसबी आहे. पण ही माणसे काळ्या अंधारात बसली आहेत. त्यांना बैठक आहे, जागा नाही. मागे शहर नाही, दार नाही, रस्ता नाही.

विवान सुंदरम् यांच्या १९८१ च्या 'पीपल कम अँड गो' ह्या चित्रात बडोद्याचे खक्करांचे घर आणि त्यांची मित्रमंडळी आहेत. चित्रातला जिव्हाळा खरा आहे. पण येणारी-जाणारी ती माणसे बहुतेक एकमेकांना ओळखणारी, कलेच्या जगातली. हा बाक आधीच आपल्या माणसांनी भरलेला. चौथ्याने कोठे टेकावे? नलिनी मलानी यांचे त्या वेळचे काम घराच्या आतले, कुटुंबातल्या कोंडीचे. बाहेरचे शहर त्यांच्या चित्रांत पुरते उतरले ते पुढे, लोहार चाळीतल्या आपल्या कामाच्या जागेच्या खिडकीतून त्यांनी हमाल आणि हातगाडीवाले पाहिले तेव्हा. तेथल्या जलरंगांतली ती घाईची, ओली माणसे मला त्यांच्या आधीच्या कामापेक्षा अधिक जवळची वाटतात.

गुलाममोहम्मद शेख यांचा मार्ग निराळा. जुन्या लघुचित्रांत एकाच पानावर राजवाडा, बाग, शिकार आणि अंगण नांदते. ती रीत त्यांनी आजच्या गल्लीसाठी वापरली. १९८१ च्या 'स्पीकिंग स्ट्रीट' मध्ये बालपणीच्या गावची गल्ली खिडकी-खिडकीने बोलते. त्याच वर्षी सुरू केलेले 'सिटी फॉर सेल' पुरे व्हायला १९८४ उजाडले. त्यात बडोदे शहरात दंगल पेटली आहे, भाजीवाली आपल्या टोपल्यांशी आहे आणि मधोमध थिएटरात 'सिलसिला' चालू आहे. शहर जळत असताना लोक सिनेमा पाहतात, हे त्यांनी उपदेश न करता दाखविले. हे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या मालकीचे आहे. विकाऊ शहराचे चित्र सातासमुद्रापार गेले, ह्यात मी दोष काढीत नाही. पण नोंद करून ठेवतो.

भूपेन खक्कर हे मूळचे मुंबईच्या खेतवाडीतले, व्यवसायाने हिशेबतपासनीस. १९७२-७३ च्या सुमारास त्यांनी घड्याळ दुरुस्त करणारा, शिंपी, न्हावी अशा दुकानदारांची चित्रे काढली. ती पाहताना हसू येते, आणि मग लक्षात येते की आपण त्या माणसाला हसत नाही, त्याच्या टापटिपीवर खूष आहोत. पाटीवरची अक्षरे, काचेच्या कपाटातल्या वस्तू, सारे त्या दुकानदाराने स्वतः मांडल्यासारखे. १९८१ च्या 'यू कान्ट प्लीज ऑल' मध्ये बाप, लेक आणि गाढव ह्यांची आपल्याला बालपणापासून ठाऊक असलेली गोष्ट गावाच्या रस्त्यावर घडते आहे, आणि गच्चीवरून एक वस्त्रहीन पुरुष ती पाहतो आहे. आपले प्रेम पुरुषांवर आहे, हे खक्करांनी ह्या चित्रातून जगाला सांगितले असे मानतात. सणाच्या अंकात ह्याचा उल्लेख कोणाला खटकेल. पण सगळ्यांना खूष करू पाहणाऱ्या बापलेकांची फजिती आपण मुलांना सांगतोच ना? त्या गोष्टीचे तात्पर्य इतक्या प्रामाणिकपणे स्वतःवर घेणारा चित्रकार विरळा.

आणि सुधीर पटवर्धन. पुण्यात १९४९ साली जन्म, तेथेच वैद्यकीय शिक्षण, १९७३ पासून मुंबईकडे. पुढे २००५ पर्यंत ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय. चित्रकलेच्या शाळेत ते गेले नाहीत. १९७७ चे 'इराणी रेस्टॉरंट', १९८० चे 'ट्रेन', १९८१ चे 'ओव्हरब्रिज' आणि त्याच वर्षीचे 'ॲक्सिडेंट ऑन मे डे' ही त्यांची त्या काळातली चित्रे. शेवटच्या चित्राच्या नावातच कामगार दिन आणि अपघात शेजारी शेजारी बसले आहेत. जाड माना, उतरलेले पण भरीव खांदे, अंगाच्या मानाने मोठे हात. ही शरीरे दवाखान्यात येऊन गेलेली आहेत, हे पाहताक्षणी कळते. दिवसभर माणसांची हाडे उजेडात धरून पाहणाऱ्याला वजन कोठे पडते ते ठाऊक असते. म्हणून उभ्या माणसाचा थकवा ते चेहऱ्यावर रंगवीत नाहीत, पोटरीत आणि कमरेत रंगवितात. लाउरीचा कामगार दुरून पाहिलेला होता. पटवर्धनांचा कामगार हाताच्या अंतरावर आहे, आणि तो दयेची अपेक्षा करीत नाही.

माझ्या मते सहा जणांत दिलेला शब्द पुरता पाळला तो पटवर्धनांनी, आणि वेगळ्या तऱ्हेने खक्करांनी. ह्याचे कारण विषयाच्या निवडीत नाही. कामगाराचे चित्र काढले म्हणजे त्याला जागा दिली असे होत नाही. सरकारी भित्तिपत्रकांवर कामगार पुष्कळ असतात. कारण आहे ते चित्रकाराच्या सरकून बसण्यात. पटवर्धनांच्या त्या काळच्या चित्रांत त्यांची स्वतःची करुणा, स्वतःची मते, स्वतःचे मित्र मध्ये येत नाहीत. समोरचा माणूस जेवढी जागा अडवितो तेवढी त्याला मिळते.

तरीही एक तक्रार आहे. ह्या चित्रांतली माणसे फार गंभीर आहेत. आमच्या माणगाव-म्हसळ्याचा चाकरमानी गाडीत उभा राहून थकतो हे खरे. पण तोच त्याच गाडीत पत्ते खेळतो, भजन म्हणतो, दसऱ्याला डब्याला झेंडूची माळ घालतो. पटवर्धनांच्या डब्यात टाळ वाजलेला मला तरी ऐकू आला नाही. कष्टकऱ्याचा मान राखावयाचा तर त्याची चेष्टामस्करीही चित्रात यावयास हवी. तेथे खक्करांचा शिंपी त्यांना थोडे शिकवू शकला असता.

प्रदर्शनाचे वर्ष पुन्हा एकदा आठवावे. १ जानेवारी १९८१ रोजी आमच्या कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात हे प्रदर्शन भरले. आणि १८ जानेवारी १९८२ रोजी, म्हणजे दोन-सव्वादोन महिन्यांत, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्या संपाचा शेवट असा कोणी जाहीर केला नाही. गिरण्याच हळूहळू बंद पडल्या. लालबाग-परळची खोली सोडून कितीतरी कुटुंबे कोकणात आपल्या गावी परतली. जहांगीरच्या भिंतीवर ज्यांना जागा मिळाली होती, त्यांची शहरातली जागा अशी गेली. पटवर्धनांनी २००१ साली 'लोअर परेल' हे मोठे चित्र रंगविले, त्यात गिरणगावावर उंच इमारती चढताना दिसतात. ह्या दोन काळांतली चित्रे शेजारी ठेवली तर वीस वर्षांचा हिशेब आकड्यांवाचून समजतो.

मग प्रश्न उरतो, ही चित्रे ज्यांची आहेत त्यांनी ती पाहिली का? जहांगीरमध्ये तिकीट लागत नाही, दार उघडे असते. तरी त्या दारातून गिरणीची पाळी संपवून कोणी आत गेल्याचे मी पाहिले नाही. चर्चगेटकडे जाणारी गर्दी बाहेरून जात होती. ह्याचा दोष एकट्या चित्रकारांना देता येणार नाही. आपण मुलांना रामाच्या देवळात नेतो, सर्कशीला नेतो, क्रिकेटच्या सामन्याला नेतो. चित्रे पाहावयास किती जणांनी नेले? पटवर्धनांना स्वतःला ही बोच असावी. २००८-०९ मध्ये त्यांनी पुढाकार घेऊन समकालीन भारतीय चित्रांचे 'विस्तारणारी क्षितिजे' हे फिरते प्रदर्शन नागपूर, अमरावती, सोलापूर, कोल्हापूर अशा शहरांतून नेले. एका चित्रकाराने दुसऱ्यांची चित्रे घेऊन गावोगाव जावे, ही मला त्या १९८१ च्या शब्दाची उरलेली फेड वाटते. तो फेरा किनाऱ्याला आला नाही, एवढीच खंत.

किनाऱ्याला आता शहरच आले आहे. १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसकट माणसे मांडव्याला उतरू लागली. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा सागरी पूल खुला झाला. मुंबईच्या कुलाब्यातले 'द गिल्ड' हे कलादालनही २०१५ च्या सुमारास मांडवा-अलिबाग रस्त्यावर रांजणपाड्याला आले. म्हणजे चित्रे पाहण्यासाठी समुद्र ओलांडण्याची अट राहिली नाही. पण बस थांब्यावर उभा असलेला आमचा माणूस त्या दारातून सहज आत शिरेल का, हा प्रश्न जहांगीरच्या दाराशी होता तसाच येथेही उभा आहे.

आणि त्याचबरोबर एक नवे चित्रही तयार होऊन वाट पाहते आहे. बापाने विकलेल्या वाडीवर बंगला उभा राहिला आहे, आणि त्या बंगल्याच्या फाटकाशी खाकी गणवेशात त्याचाच मुलगा पहाऱ्याला बसला आहे. आतल्या प्रत्येक नारळाचे वय त्याला ठाऊक आहे. असे मुलगे आमच्या किनाऱ्यावर आता गावोगावी आहेत. सेकोटोने पिवळ्या घरांकडे पाहिले, पटवर्धनांनी ओव्हरब्रिजवर थांबून पाहिले, तसे कोणी ह्या फाटकाशी थांबून पाहावयास हवे. घाईने नको, कीव करीत नको, आणि त्याच्या पाठीमागचा समुद्र सुंदर दिसतो म्हणूनही नको. त्या मुलाचे खांदे, त्याची प्लास्टिकची खुर्ची आणि त्याचा डबा जसा आहे तसा चित्रात आला, तर ते चित्र कोणत्या संग्रहालयात गेले ह्याची मला फिकीर नाही. येत्या एखाद्या दिवाळीत त्याची एक छापील प्रत आमच्याकडच्या घरातल्या भिंतीवर, लक्ष्मीच्या शेजारच्या खिळ्याला लागली, तर मी म्हणेन की माणसाला जागा मिळाली.